कादंबरी ही शब्दांची खाण नव्हे

नगर जिल्ह्यात (सरकारदरबारी आता अहिल्यानगर) इंग्रजी शिकविणाऱ्या काही तरुण शिक्षकबंधूंनी शब्दसंग्रह वाढविण्याची एक नवी युक्ती काढली आहे, आणि तिचे कौतुकही होत आहे. रूक्ष शब्दयाद्या पाठ करविण्याऐवजी ते विद्यार्थ्यांच्या हाती परदेशी जाऊन राहिलेल्या तरुण मुलामुलींच्या कथा-कादंबऱ्या देतात. कथेतील मुलगा नवख्या देशात भाषा शिकत असतो, वाचणारा मुलगाही ती शिकत असतो. तेव्हा दोघांचा प्रवास बरोबरीने होईल, असा हा युक्तिवाद. तो वाईट नाही. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेल्या आमच्यासारख्यांस तर तो हेवा वाटण्याजोगाच वाटला. परंतु ही युक्ती वर्गात प्रत्यक्ष कशी राबते हे आम्ही पाहिले, आणि तिच्याविरुद्ध लिहिणे भाग पडले.

विद्यार्थी पुस्तक उघडतो तो हाती पेन्सिल घेऊनच. अडलेल्या शब्दाखाली रेघ, वहीत तो शब्द, समोर कोशातला अर्थ, आणि शनिवारी चाचणी. दहा पृष्ठांत चाळीस शब्द सापडले की त्या दिवसाचे वाचन झाले. कथेत कोण उपाशी राहिले, कोणाचे पत्र आले नाही, याची विचारपूस चाचणीत नसते. इंग्रजीस वाघिणीचे दूध म्हणण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. हे मात्र दूध नव्हे. पाणी न घालता मुलांच्या तोंडात कोंबलेली दुधाची भुकटी आहे.

झुंपा लाहिरी यांची ‘द नेमसेक’ (2003) ही कादंबरी घ्या. प्रारंभीच आशिमा ही गर्भवती बंगाली स्त्री अमेरिकेतील आपल्या लहानशा स्वयंपाकघरात उभी आहे. खोक्यातले तांदळाचे कुरमुरे, शेंगदाणे आणि चिरलेला कांदा कालवून ती कलकत्त्याच्या रस्त्यावरील खाऊची चव आणू पाहते, आणि काहीतरी कमीच पडते. भेळ खाणाऱ्या कोणाही नगरकरास हे दुःख कळावयास कोश लागत नाही. पण तेथे ‘अवघड’ म्हणता येतील असे शब्द फारसे नाहीत. म्हणून शब्द वेचावयास निघालेला विद्यार्थी तो भाग ओलांडून पुढे जातो. जेथे भाषा सर्वांत समर्थ, तेथेच ती त्याच्या लेखी निरुपयोगी!

सँड्रा सिस्नेरोस यांच्या ‘द हाउस ऑन मँगो स्ट्रीट’ (1984) ह्या पुस्तकात तर प्रत्यक्ष हाच विषय आहे. एस्पेरांझाचा बाप सांगतो की, ह्या देशात आल्यावर आपण तीन महिने हॅम आणि अंडी एवढेच खात होतो, कारण मागता येईल असा तेवढाच एक शब्द आपणांस ठाऊक होता. त्याच प्रकरणात इंग्रजी बोलावयाचे नाकारणारी एक आई आहे. तिचे तान्हे पोर दूरचित्रवाणीवर ऐकलेले पेयाच्या जाहिरातीचे गाणे इंग्रजीत म्हणू लागते, आणि तिला रडू कोसळू पाहते. शब्द नसले तर पोटाचे काय होते आणि आले तर घराचे काय होते, हे दोन्ही तेथे आहे. विद्यार्थ्याच्या वहीत त्यातले काहीच नव्हते.

हे प्रकरण आम्ही एकदा पाथर्डीकडील एका वर्गात मराठीतून सांगितले. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, आमचं पण तसंच झालं होतं.” तिचे आईबाप ऊसतोडीस जातात, एका हंगामात त्यांची टोळी कर्नाटकात गेली होती. “तिथं मला आधी तीनच शब्द आले. नीरु, कब्बु, बेग.” म्हणजे पाणी, ऊस, लवकर. कोणत्या शब्दयादीने हे तीन शब्द ह्याच क्रमाने दिले असते?

हा जिल्हा ह्या विषयास परका नाही. भंडारदऱ्याचे धरण 1926 साली पुरे झाले, प्रवरेच्या कालव्यांवर उत्तरेस ऊस पसरला, आणि लोणी येथे 1950 च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पाथर्डी, शेवगाव, जामखेड मात्र कोरडेच राहिले. तेथून दसरा-दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाडे निघतात, ती उन्हाळ्याच्या तोंडी परततात. मुले आईबापांबरोबर फडावर जातात, नाहीतर आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. कोल्म टोबीन यांच्या ‘ब्रुकलिन’मधील (2009) आयरिश मुलगी घरच्या आठवणीने झुरते, ते ज्या शिक्षकास शिकविता येते, त्यास आपल्याच हजेरीपटावरील ही नावे दिसू नयेत काय?

त्याच मुलीने पुढे विचारले, कोयत्याला इंग्रजीत काय म्हणतात? कोशात ‘सिकल’ मिळेल. पण टोळीत ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाची उचल ठरते ती कोयत्यावर, आणि एकटा मनुष्य तो अर्धा कोयता. एवढे इंग्रजीत सांगावयास तिला चार वाक्ये लिहावी लागली. त्यांसाठी जोडपे, कंत्राटदार, आगाऊ रक्कम, कर्ज ह्यांचे इंग्रजी शब्द तिने आपण होऊन मागून घेतले. ते तिने महिन्यानंतरही अचूक सांगितले. चाचणीसाठी घोकलेले चाळीस शब्द वर्गाने पंधरवड्यात टाकून दिले होते.

यावर म्हणतील, परीक्षेचे काय? 2000 सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे. गरीब मुलास शब्द नकोत काय? हवेत, आणि श्रीमंताच्या मुलाहून अधिक हवेत, कारण त्याच्या घरी ते कोणी बोलत नाही. म्हणूनच त्याचा वेळ व्यर्थ दवडण्याचा आपणांस अधिकार नाही. पहिल्या वाचनी कोश मिटलेलाच असू द्यावा. जो शब्द पाचसहा वेळा भेटेल तो आपली ओळख आपणच देईल. जो एकदाच भेटला आणि ज्यावाचून कथा अडली नाही, त्यास खुशाल जाऊ द्यावे. टिपणे करावयाची ती दुसऱ्या वाचनी. आणि एका पृष्ठात पंधरा शब्द अडत असतील, तर ते पुस्तक त्या मुलासाठी नव्हे, मग ते कितीही गाजलेले असो. ह्या बाबतीत शिक्षकांची पुस्तकांविषयीची हौस मुलांस फार महाग पडते.

ज्या शिक्षकबंधूंचा अनुभव आमच्याहून निराळा असेल, त्यांनी तो अवश्य लिहावा. मात्र सोबत शब्दांच्या वह्या न पाठविता, मुलांनी स्वतः इंग्रजीत लिहिलेली पाने पाठवावीत. चुका न सुधारता.