सुई आठवड्यातून एकदा, पथ्य रोजचे

दिवाळी अंकात डॉक्टराने पथ्यपाण्याचा विषय काढू नये असा एक संकेत आहे, आणि तो चांगलाच आहे. ज्या अंकात चकलीच्या भाजणीचे प्रमाण छापायचे, त्याच अंकात मळमळ आणि ओकारीच्या गोष्टी कोण वाचील? पण यंदा नाइलाज आहे. मार्च २०२५ मध्ये ‘मौंजारो’ आणि त्याच वर्षी जूनमध्ये ‘वेगोव्ही’ ही वजन उतरवणारी इंजेक्शने भारतात विक्रीला आली, आणि तेव्हापासून दवाखान्यातल्या प्रश्नांचा नूरच पालटला. पूर्वी मंडळी विचारीत, “घेऊ का?” आता विचारतात, “घेतोय, पण हे असे का होते?” आणि हे विचारताना आधी दार लावून घेतात. घरात कोणाला सांगितलेले नसते ना!

हे असे का होते, ते आधी पाहू. तेवढे समजले की निम्मे पथ्य आपोआप सुचते.

आपण जेवलो की आतड्यातून जीएलपी-१ नावाचा एक हार्मोन रक्तात उतरतो. तो स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला सांगतो, मेंदूला “पुरे” असे कळवतो आणि जठराला बजावतो, “अन्न जरा सावकाश खाली सोड.” निसर्गाने या निरोप्याला आयुष्य दिले आहे अवघ्या काही मिनिटांचे. गंमत अशी, की जास्त काळ टिकणारा त्याचा एक भाऊबंद सापडला तो हीला मॉन्स्टर नावाच्या अमेरिकन सरड्याच्या विषात! डॉ. जॉन एंग यांनी तो १९९२ साली हुडकला आणि त्यावरून बनलेले मधुमेहाचे औषध २००५ साली अमेरिकेत मंजूर झाले. आजचे सेमाग्लुटाइड, म्हणजे वेगोव्हीतले औषध, त्याही पुढचे आहे. एकदा टोचले की आठवड्यानंतरही त्याचा निम्मा अंश अंगात असतो. मौंजारोतले टर्झेपाटाइड याच कामाला आणखी एका हार्मोनाची जोड देते.

म्हणजे मिनिटांचा निरोप आता अष्टौप्रहर चालू. मेंदू “पुरे” म्हणतो म्हणून वजन उतरते. जठर सावकाश रिकामे होते म्हणून मळमळते. त्रास हा औषधाच्या गुणाचाच दुसरा चेहरा आहे. कालचे जेवण अजून पोटात बसलेले असताना आपण सवयीने आजचे ताट वर लोटतो, मग ते आल्या वाटेने परत येते.

आकडे सांगतो. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत मधुमेह नसलेल्या १९६१ माणसांपैकी काहींना सेमाग्लुटाइड आणि काहींना नुसतीच निरुपद्रवी सुई दिली. ६८ आठवड्यांनी औषधवाल्यांचे वजन सरासरी १४.९ टक्के घटले. मात्र त्यांतील शंभरातल्या ४४ जणांना मळमळ झाली, सुमारे ३२ जणांना जुलाब, २५ जणांना उलट्या आणि २३ जणांना बद्धकोष्ठ. (निरुपद्रवी सुई घेणाऱ्यांतही शंभरातल्या १७ जणांना मळमळलेच. माणसाचे मन!) पण पोटाच्या तक्रारींपायी औषध सोडावे लागले ते शंभरात चार-पाच जणांनाच. त्रास बहुधा सुरुवातीला आणि मात्रा वाढवली की होतो, पुढे ओसरतो.

म्हणूनच मात्रा पायरीपायरीने चढवायची असते. सेमाग्लुटाइड पाव मिलिग्रॅमपासून सुरू होते आणि दर चार आठवड्यांनी एक पायरी चढत पुरत्या मात्रेला पोहोचायला सोळा आठवडे लागतात. शेजारणीचे दोन महिन्यांत सहा किलो उतरले म्हणून आपण दोन पायऱ्या एकदम चढू नयेत. उलट त्रास फार असला तर त्याच पायरीवर आणखी काही आठवडे थांबता येते. डॉक्टराला तसे स्पष्ट विचारावे.

आता फराळाकडे वळतो. नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान, आणि मग रिकाम्या पोटी चकली, करंजी, अनारसा. सगळे तळलेले. तूपतेल मुळातच जठरातून सावकाश उतरते, त्यात हे औषध. गेल्या दिवाळीत पस्तिशीच्या एका शिक्षिका आमच्याकडे आल्या. इंजेक्शनाचे पेन फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात, कोथिंबिरीखाली दडवलेले; घरात कोणाला पत्ता नाही. सासूबाईंनी आग्रहाने वाढले, यांनी संशय नको म्हणून खाल्ले. दुपारपासून उलट्या सुरू. सासूबाईंनी कयास बांधला तो गोड बातमीचा, आणि डोहाळे म्हणून कौतुकाने दोन दिवस तसेच गेले! तिसऱ्या दिवशी उभे राहिले की घेरी येऊ लागली, लघवी जवळजवळ बंद. सलाइन लावावे लागले.

सासूबाईंचा कयास चुकला, पण आम्ही तपासणी करवून खात्री मात्र करून घेतली. हसण्यावारी नेण्याची ती गोष्ट नव्हे. गरोदरपणात हे औषध चालत नाही. सेमाग्लुटाइड तर मूल हवे असल्यास आधी निदान दोन महिने बंद करावे लागते. शिवाय टर्झेपाटाइडमुळे कुटुंबनियोजनाच्या गोळ्यांचा परिणाम कमी होऊ शकतो, म्हणून ते सुरू केल्यावर आणि दर मात्रावाढीनंतर चार आठवडे दुसरे साधन वापरतात. सारा उलगडा झाल्यावर सासूबाई इतकेच म्हणाल्या, “अगं, मला सांगितले असतेस तर पानात वाढलेच नसते.” घरात सांगून टाका, असे आम्ही म्हणतो ते यासाठी. वजनासाठी औषध घेणे ही लाज वाटण्याची गोष्ट आहे, हे कोणी ठरवले कोण जाणे.

तर फराळ करा, पण एक चकली नि अर्धी करंजी, तीही आधी साधे काही खाल्ल्यावर. ताट लहान घ्या, सावकाश चावा आणि पोट भरल्याची पहिली चाहूल लागताच हात धुवा. पानात टाकू नये हा संस्कार इथे थोडा बाजूला ठेवावा. जेवून लगेच आडवे होऊ नका. पाणी जेवताना ढसाढसा नको, दिवसभर घोट घोट. उलटी-जुलाब असतील तर मीठ-साखर-पाणी किंवा ओआरएस. लघवी गडद होणे ही मूत्रपिंडाची तक्रार समजावी, आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर त्याच दिवशी फोन करावा. बद्धकोष्ठाला पालेभाजी, चालणे, आणि इसबगोल घ्यायचे तर भरपूर पाण्याबरोबरच.

उपवासाचे काय? नुसते हे औषध घेणाऱ्याची साखर सहसा धोक्याइतकी उतरत नाही. पण मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी जोडीला असली, आणि वर एकादशी, की दरदरून घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यातून लगेच द्यावी. खरे तर इंजेक्शन सुरू करतानाच त्या गोळीचे प्रमाण पुन्हा ठरवून घ्यायचे असते.

ज्याकडे कोणी पाहत नाही तो त्रास म्हणजे स्नायूंची झीज. काट्यावर किलो उतरतात, त्यांत चरबीबरोबर मांसही असते. आपल्याकडे ही गोष्ट जास्त जपायला हवी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले होते. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२ टक्के! आपण दिसायला बारीक असलो तरी आत चरबी जास्त आणि मांस कमी, असा आपला पिंड. त्यातून भूक मेलेली. मग बाई चहा-बिस्किटांवर दिवस काढते आणि सहा महिन्यांनी जिना चढताना कठडा धरते. म्हणून जे चार घास जातील त्यांत पहिला मान उसळीचा, घट्ट वरणाचा, दह्याचा, अंड्याचा किंवा मासळीचा, भात नंतर. आणि चालण्याच्या जोडीला थोडे वजन उचलावे, हात न टेकता खुर्चीतून उठबस करावी. केस गळतात, अशीही तक्रार असते. झपाट्याने वजन उतरल्याने ते होते आणि बहुधा काही महिन्यांत भरून येते.

काही दुखणी मात्र घरगुती उपायांची नव्हेत. पोटाच्या वरच्या भागात न थांबणारी, पाठीत जाणारी कळ हे स्वादुपिंडाच्या दाहाचे लक्षण असू शकते. उजव्या बरगडीखाली दुखणे, ताप, डोळे पिवळे होणे, हे पित्ताशयातल्या खड्यांचे. एकाएकी दिसणे कमी होणे, किंवा दिवसभर पाण्याचा घोटही न टिकणे. अशा वेळी पुढची सुई थांबवून थेट रुग्णालय गाठावे. रक्ताच्या नात्यात कोणाला मेड्युलरी जातीचा थायरॉइडचा कर्करोग झाला असेल, तर ते पहिल्याच भेटीत सांगावे; मग हे औषध घ्यायचे नाही.

चिठ्ठीवाचून, ओळखीपाळखीने स्वस्तात मिळणारे पेनही नको. बनावट सेमाग्लुटाइडबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२४ मध्ये इशारा दिलेला आहे.

“वजन उतरले की सोडता येईल ना?” हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. त्याच २०२१ च्या चाचणीतील काही जणांवर औषध बंद केल्यावर वर्षभर लक्ष ठेवले, तेव्हा घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन-तृतीयांश परत आले होते. तेव्हा किती दिवस घ्यायचे आणि थांबायचे तर कसे, ही बोलणी पहिल्या सुईच्या आधी व्हावीत, खर्चाच्या हिशेबासकट.

दिवाळीच्या प्रवासात एखादी सुई चुकली तर पुढच्या वेळी दोन एकदम घेऊ नका. दोन-तीन आठवडे खंड पडला असेल तर जुन्याच मोठ्या मात्रेवर उडी न मारता डॉक्टराला विचारा, बहुधा खालच्या पायरीवरून चढावे लागते. आणि ऑपरेशन ठरले असेल, मग ते मोतीबिंदूएवढे लहान का असेना, भूल देणाऱ्या डॉक्टराला या इंजेक्शनाबद्दल आधीच सांगा. रात्रभर उपाशी असूनही पोटात अन्न शिल्लक असू शकते, आणि भुलीत ते श्वासनलिकेत गेले तर जिवावर बेतते.