सत्कार तारप्याचा, पण गाण्याचे काय?

२०२६ सालच्या प्रजासत्ताक दिनाच्या पूर्वसंध्येला पद्म सन्मानांची यादी जाहीर झाली आणि तीत जव्हार तालुक्यातील वाळवंडा गावचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांचे नाव आले. नव्वदी ओलांडलेल्या या साधकाला पद्मश्री जाहीर होणे ही पालघर जिल्ह्यातील प्रत्येक पाड्याने अभिमान बाळगावा अशी घटना होती. वाळलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, मेण आणि ताडाच्या पानांचा भोंगा एवढ्या साहित्यातून घडणाऱ्या वाद्याची दखल देशाने घेतली. यापूर्वी २०११ साली डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना वारली चित्रकलेसाठी हाच सन्मान मिळाला होता. रेषेच्या पाठोपाठ सुराचाही गौरव झाला. अभिनंदनाचे फलक लागले, सत्कार झाले. सत्काराचे हार सुकल्यानंतर जो प्रश्न उरतो, त्याचा विचार मात्र अद्याप व्हावयाचा आहे. वारली चित्राला जसा गिऱ्हाईक मिळाला, तसा वारली गाण्याला कधी मिळणार?

डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांत तारप्याला आज मागणी नाही असे नाही. मंत्र्यांचे आगमन असो, शाळेचे स्नेहसंमेलन असो वा एखाद्या संस्थेचा वर्धापनदिन असो, पाहुण्यांना व्यासपीठापर्यंत नेण्यासाठी तारपा हवाच असतो. दहा मिनिटे नाच होतो, छायाचित्रे निघतात आणि ध्वनिक्षेपकावर दुसरेच गाणे सुरू होते. वादकाच्या हाती नारळ, शाल आणि फार तर येण्याजाण्याचा खर्च पडतो. हे चित्र शासकीय कार्यक्रमांपुरतेच मर्यादित नाही. वनवासी क्षेत्रात निष्ठेने काम करणाऱ्या संस्थांच्या कार्यक्रमांतही ते दिसते, हे प्रांजळपणे मान्य करावयास हवे. ज्या कलेने पाड्यातील माणसांना रात्ररात्र एका फेरात बांधून ठेवले, ती कला स्वागतकमानीच्या शोभेपुरती उरणे हा तिचा गौरव नव्हे.

चित्रकलेची वाट वेगळी ठरली, त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. १९७०च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी नावाचा चित्रकार या भागात आला. त्याने लग्नाचा चौक लिहिणाऱ्या हातांना कागद आणि रंग दिले. पुपुल जयकर यांच्यासारख्या जाणकारांच्या पुढाकाराने हस्तकला क्षेत्रातील शासकीय यंत्रणा मागे उभी राहिली. चित्रे विकत घेतली गेली, प्रदर्शने भरली, परदेशातून मागणी आली. २०१४ साली वारली चित्रकलेची भौगोलिक उपदर्शन म्हणून नोंदही झाली. म्हणजे चित्रकलेला प्रथम साहित्य मिळाले, मग मोबदला मिळाला, बाजार मिळाला आणि शेवटी कायद्याचे कवच मिळाले. सन्मान त्या ओघात आला. गाण्याच्या बाबतीत मात्र गाडा उलटा जुंपला गेला आहे. सन्मान प्रथम आला. बाकीचे यावयाचे आहे.

वास्तविक चित्र आणि गाणे ही एकाच विधीची दोन अंगे आहेत. वारली विवाहात सुवासिनी भिंतीवर चौक लिहितात, पालघट देवी रेखाटतात आणि धवलेरी आपल्या गाण्यांनी देवतांना पाचारण करते. धवलेरीच्या गाण्याखेरीज तो विवाह पूर्ण होत नाही. भगताच्या हातातील घांगळीच्या साथीने धान्यदेवता कणसरीची कथा गायिली जाते. भात कापणीच्या हंगामात तारप्याभोवती फेर धरला जातो. सृष्टीची उत्पत्ती, पावसाचे आगमन, पेरणी, सासर-माहेर, मृत्यू या साऱ्यांविषयी या समाजाने जे चिंतन केले, ते पोथीत नाही. ते गाण्यांत आहे. भिंतीवरील चौक कागदावर उतरून दिल्ली, मुंबई, पॅरिसच्या भिंतींवर गेला. त्याच्या शेजारी बसून गाणारी धवलेरी मात्र पाड्यातच राहिली.

असे का झाले? चित्र पाहणाऱ्याला वारली बोली यावी लागत नाही. गाण्याचे तसे नाही. ज्याला बोली कळते तोच त्याचा खरा श्रोता. तो श्रोता मूठभर तालुक्यांत राहतो, त्याच्या खिशात पैसा थोडा आणि दिवाळीनंतर त्यातील कित्येक जण वीटभट्ट्यांवर किंवा मच्छीमार होड्यांवर कामाला गेलेले. महामार्गावरच्या तलासरीला तर एका बाजूने हिंदी चित्रपटगीतांनी वेढले आहे, दुसऱ्या बाजूने गुजरातच्या सीमेपलीकडून येणाऱ्या गाण्यांनी. अशा ठिकाणी ‘लोकांना जे आवडेल ते टिकेल’ असे म्हणणे म्हणजे पैलवान आणि पोर यांची कुस्ती लावून निकालाला न्याय म्हणण्यासारखे आहे.

हा प्रश्न केवळ वनवासी भागाचा आहे असे समजण्याचे कारण नाही. जगातील संपन्न देशांनाही तो भेडसावतो. कॅनडात फ्रेंच मातृभाषा असलेले लोक सुमारे एक पंचमांश आहेत आणि त्यांतील बहुसंख्य क्वेबेक प्रांतात राहतात. चहूबाजूंना इंग्रजीचा समुद्र. शेजारच्या अमेरिकेतील गाण्यांना साऱ्या खंडाचा बाजार मोकळा. फ्रेंच गाण्याला मात्र एका प्रांताचाच आधार. तेथील समाजाने हळहळत बसण्याऐवजी व्यवस्था उभारली. देशाच्या प्रसारण नियामकाने फ्रेंच नभोवाणी केंद्रांवर बंधन घातले, की आठवड्यात वाजणाऱ्या लोकप्रिय गीतांपैकी किमान ६५ टक्के गीते फ्रेंच असली पाहिजेत. ती मध्यरात्री वाजवून आकडा भरता येऊ नये म्हणून सोमवार ते शुक्रवार, सकाळी सहा ते सायंकाळी सहा या वेळेसाठी ५५ टक्क्यांची स्वतंत्र अट घातली. १९८५ साली ‘म्युझिकअॅक्शन’ नावाचा निधी स्थापन झाला. नभोवाणी कंपन्यांचे अंशदान आणि शासनाचा पैसा एकत्र करून त्यातून फ्रेंच गाण्यांच्या ध्वनिमुद्रणाला, प्रसिद्धीला आणि दौऱ्यांना साहाय्य दिले जाते. गाण्यांवर जो व्यवसाय कमावतो, त्याने गाण्याच्या मुळाला पाणी घातले पाहिजे, हे साधे तत्त्व त्यामागे आहे.

ज्या फ्रान्सची भाषा जगभर प्रतिष्ठित मानली जाते, त्या फ्रान्सलाही असा कायदा करावा लागला. १९९४ साली झालेल्या आणि १९९६च्या आरंभापासून लागू झालेल्या तरतुदीनुसार खासगी नभोवाणी केंद्रांना ४० टक्के गीते फ्रेंच भाषेतील वाजवावी लागली आणि त्यांतील निम्मी नव्या कलावंतांची किंवा नव्या निर्मितीची असावी लागली. पुढे त्यात काही सवलती आल्या. या ‘निम्म्या’ अटीचे महत्त्व मोठे आहे. केवळ जुन्या गायकांच्या तबकड्या वाजवून भाषा जगत नाही, हे त्या कायदेकर्त्यांनी ओळखले होते. गाणी भ्रमणध्वनीवर ऐकली जाऊ लागताच कॅनडाने २०२३ साली नवा कायदा करून परदेशी संगीत-कंपन्यांनाही अंशदानाच्या कक्षेत आणण्याचे पाऊल उचलले. कंपन्या न्यायालयात गेल्या, वाद झाले. परंतु समाज आपल्या भाषेतील गाण्याला सार्वजनिक हिताची बाब मानतो, एवढे त्यातून स्पष्ट झाले.

येथे एक शंका उपस्थित होईल आणि ती राष्ट्रनिष्ठ माणसाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. क्वेबेकमध्ये भाषेच्या अस्मितेतून विभक्ततेची चळवळ उभी राहिली. १९८० आणि १९९५ साली त्यावर सार्वमत घेतले गेले. बोलीभाषांना असे उत्तेजन दिल्यास आपल्याकडेही भेद वाढणार नाहीत काय? या शंकेचे उत्तर इतिहासानेच दिले आहे. दोन्ही सार्वमतांत विभक्ततेचा पक्ष हरला. भाषेला प्रसारणात आणि अर्थकारणात हक्काचे स्थान मिळाल्याने देश मोडला नाही. माणसे दुरावतात ती आपले गाणे वाजले म्हणून नव्हे, तर कोणी ऐकलेच नाही म्हणून. एकात्मता म्हणजे एकसारखेपणा नव्हे. या भूमीची ही जुनी शिकवण आहे. शिवाय मराठी माणसाने येथे स्वतःकडेही पाहावे. मुंबईच्या पडद्यांवर मराठी चित्रपटाला मोक्याची वेळ मिळावी म्हणून २०१५ साली राज्य शासनाला पुढे यावे लागले. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा घरोघरी आनंद झाला. जे संरक्षण मराठी हिंदी-इंग्रजीपुढे मागते, तेच संरक्षण वारली बोलीने मराठीकडे मागितले तर त्यात वावगे काय? थोरल्या बहिणीने धाकटीला बोट धरून चालवावे, एवढीच अपेक्षा आहे.

प्रत्यक्षात काय करता येईल? साधनांचा अभाव आहे असे नाही. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६च्या पेसा कायद्याने परंपरा, रूढी आणि सांस्कृतिक ओळख जपण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. महाराष्ट्रात २०१५पासून आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के निधी अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींना थेट दिला जाऊ लागला. रस्ता आणि गटार हवेच; परंतु नियमांच्या चौकटीत गावच्या धवलेरीकडून चार मुलींनी गाणी शिकण्याची सोय करावी, असा ठराव ग्रामसभेने करून तो पाठपुराव्याने मंजूर करून घेण्यास हरकत कोणती?

दुसरे साधन उद्योगांचे. २०१३च्या कंपनी कायद्याने विशिष्ट मर्यादेवरील कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यासाठी खर्च करणे आवश्यक केले आणि पारंपरिक कलांचे संवर्धन त्या यादीत स्पष्टपणे नमूद केले. तारापूरची औद्योगिक वसाहत जवळच आहे. डहाणूच्या किनाऱ्यावर वाढवण येथे सुमारे ७६ हजार कोटी रुपयांच्या बंदराची पायाभरणी २०२४ साली झाली. द्रुतगती महामार्ग आणि बुलेट ट्रेन याच जिल्ह्यातून जात आहेत. या प्रकल्पांविषयी मतभेद असतील. पण ज्या भूमीवर एवढी संपत्ती उतरते आहे, तिच्या गाण्यासाठी एक स्थायी निधी मागणे ही भीक नव्हे. ‘जो कमावतो त्याने मुळाला पाणी घालावे’ हे कॅनडातील तत्त्व येथेही लागू पडते.

तिसरे साधन नभोवाणीचे. २००६ सालच्या धोरणाने सामाजिक संस्थांनाही सामुदायिक नभोवाणी केंद्र चालविण्याची मुभा मिळाली आणि किमान निम्मे कार्यक्रम स्थानिक पातळीवर तयार झालेले असावेत अशी अपेक्षा ठेवली गेली. एखाद्या आश्रमशाळेच्या किंवा वसतिगृहाच्या आवारातून सकाळ-संध्याकाळ वारली, कोकणा, धोडी, मल्हार कोळी समाजांची गाणी आसपासच्या पाड्यांवर ऐकू येऊ लागली, तर तो दहा सत्कारांहून मोठा सत्कार ठरेल.

वृद्ध कलावंतांच्या मानधनाचाही विचार व्हावा. महाराष्ट्र शासनाची ही योजना जुनी आहे आणि २०२४ साली मानधन सरसकट दरमहा पाच हजार रुपये करण्यात आले, ही समाधानाची बाब. परंतु अर्जदाराने आपल्या कलासेवेचे पुरावे द्यावयाचे असतात. चाळीस वर्षे मांडवात गाणाऱ्या धवलेरीकडे कसले प्रमाणपत्र असणार? तिची साक्ष द्यावयाला तिने लावलेली लग्नेच आहेत. अशांसाठी ग्रामसभेचा दाखला पुरेसा मानावा, ही मागणी लावून धरण्यासारखी आहे.

आणखी एका गोष्टीची जाण ठेवावी लागेल. गाणे जपणे म्हणजे ते काचेच्या कपाटात ठेवणे नव्हे. आज या भागातील तरुण वारली बोलीत नवी गाणी रचतात, तारप्याच्या चालीवर यांत्रिक ताल बसवितात आणि भ्रमणध्वनीवरून ती पसरवितात. वडीलधाऱ्यांना तो गोंगाट वाटतो. त्यांतील काही गाणी सवंग असतीलही. परंतु बोली अजून तरुणाच्या ओठांवर आहे, ही मोठी आशेची खूण आहे. त्याला हिणवण्यापेक्षा चांगले ध्वनिमुद्रण, जाणत्या वादकाची संगत आणि रास्त मोबदला मिळवून द्यावा. पारंपरिक गीताचा कर्ता अज्ञात असल्याने स्वामित्वधनाचा लाभ पाड्याला होत नाही. निदान गाणाऱ्याचे आणि गावाचे नाव तरी प्रत्येक मुद्रणावर यावे.

शासनाकडे बोट दाखवून समाजाची सुटका होत नाही. वनवासी क्षेत्रातील कार्यकर्त्यांनी आपल्या गावातील गाणाऱ्यांची, वाजविणाऱ्यांची आणि वाद्ये घडविणाऱ्यांची नोंद करावी. वसतिगृहांतील सायंकाळच्या उपक्रमांत आठवड्याचा एक तास पाड्यातील जाणत्याला गुरू म्हणून सन्मानाने व मानधनासह बोलवावे. कार्यक्रमात तारपा हवा असेल तर त्याची बिदागी आधी ठरवावी आणि त्याला दहा मिनिटे नव्हे, तासभर द्यावा. शहरातील कुटुंबांच्या दिवाणखान्यात वारली चित्र लटकते. त्या चित्रात मधोमध तारपा वाजविणारा एक माणूस आहे. त्याच्या नातवाला ते वाद्य वाजवून पोट भरता येईल काय, हा प्रश्न ते चित्र रोज विचारते आहे. त्याचे उत्तर देणे ही चित्र विकत घेणाऱ्या प्रत्येकाची जबाबदारी आहे.