फुकट ते पौष्टिक?

सुरुवातीलाच दोन गोष्टी कबूल करते. पहिली म्हणजे मी कॉन्व्हेंटवाली. मराठी आम्हाला दहावीपर्यंत होतं, पण ते मार्कांपुरतं. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. दुसरी गोष्ट जरा जास्त गंभीर आहे. ती पुढे येईलच.

२०२० साली लॉकडाऊन लागला, नववीची परीक्षा रद्द झाली आणि हातात आला मोबाईल. त्या रिकाम्या दिवसांत मला एका निवृत्त नर्सबाईंचा मराठी ब्लॉग सापडला. सरकारी हॉस्पिटलातल्या नाईट ड्यूटीच्या आठवणी. एकेक शब्द अडायचा, मग स्वयंपाकघरात जाऊन आजीला विचारायचं. ‘जिव्हारी लागणं’ म्हणजे काय, ‘हातचं राखून’ म्हणजे काय... महिन्याभरात मी अडखळत का होईना, पण मराठी वाचायला लागले. शाळेला दहा वर्षांत जमलं नाही ते बाईंनी केलं, तेही एक पैसा न घेता!

गेल्या दिवाळीत त्यांनी लिहिलं, की यापुढचे नवे लेख वर्गणीदारांसाठी. वर्षाला ३०० रुपये. आम्ही हॉस्टेलच्या चौघींनी पंच्याहत्तर-पंच्याहत्तर काढून एक वर्गणी भरली. इथवर ठीक होतं. मग प्रत्येक लेखाची पीडीएफ करून ग्रुपवर टाकायला लागलो. टाकणारी मीच. हीच ती दुसरी कबुली. दोन महिन्यांनी बाईंनी सहज लिहिलं, की त्यांचाच लेख त्यांना त्यांच्या भावजयीकडून ‘खूप वेळा फॉरवर्ड केलेला’ असा शिक्का लागून आला. आणि वर्गणीदार किती? तर ४१. तक्रार काही नव्हती, पण ‘जिव्हारी लागणं’ याचा अर्थ मला त्या दिवशी नीट कळला.

हॉस्टेलवर यावरून बरीच वादावादी झाली. कॉम्प्युटरवाल्या मैत्रिणीचं म्हणणं, “नेटवर दुसरी कॉपी काढायला खर्च शून्य, म्हणून किंमतही शून्यच पाहिजे.” ऐकायला बरोबर वाटतं. पण आपण सगळ्यांनीच फिक्स्ड कॉस्ट आणि व्हेरिएबल कॉस्ट घोकलेलं आहे ना? दुसरी कॉपी फुकट असेल, पण पहिली कॉपी कोणाच्या तरी संध्याकाळीतून निघते. आणि गंमत बघा, सबमिशनच्या आदल्या रात्री झेरॉक्सवाल्याला पानामागे पैसे देताना आपण हूं की चूं करत नाही. शाईला पैसे, कागदाला पैसे. ज्याने त्या नोट्स काढल्या त्याला मात्र ‘थँक्स यार’!

ब्लॉगवाल्यांनी पैसे मागावेत का, हा प्रश्न काही नवा नाही. २००० साली स्टीफन किंग या अमेरिकन लेखकाने ‘द प्लांट’ ही कादंबरी नेटवर क्रमशः द्यायला सुरुवात केली. भागाला एक डॉलर, तोही वाचकाच्या इमानावर. अट एवढीच, की निदान ७५ टक्के लोकांनी पैसे दिले तर पुढचं लिहीन. पैसे देणाऱ्यांचं प्रमाण पुढे घसरत गेलं आणि सहा भागांनंतर त्याच वर्षी काम थांबलं. एवढ्या मोठ्या लेखकाची ही गत!

दुसरं उदाहरण अँड्र्यू सलिव्हन यांचं. अमेरिकेत राहून त्यांनी अनेक वर्षं राजकारणावर ब्लॉग लिहिला. २०१३ मध्ये मोठ्या कंपन्यांची छत्री सोडून त्यांनी जाहिराती न घेता थेट वाचकांकडे पैसे मागितले. वर्षाला १९.९९ डॉलर, आणि मनात असेल तर जास्त द्या. हजारो लोकांनी दिले, कित्येकांनी मागितल्यापेक्षा जास्त दिले. मला त्यातली एक गोष्ट फार आवडली. दुसरीकडच्या लिंकवरून वाट चुकून आलेल्या वाचकाला ते अडवत नसत. रोज येऊन वाचणाऱ्याकडेच पैसे मागत.

पण याचीही दुसरी बाजू आहे. पैसे घेतले की रोज लिहिणं आलं. २०१५ च्या सुरुवातीला सलिव्हन यांनी थकून ब्लॉग बंद केला. पैसे कमी पडले म्हणून नव्हे, तर माणूस दमला म्हणून. २०२० मध्ये ते पुन्हा वर्गणी घेऊन लिहायला लागले, पण आता आठवड्याच्या हिशोबाने.

मग सरसकट कुलूप लावावं का? इथे मात्र मी थबकते. कारण मला आठवते ती पंधरा वर्षांची मी. त्या ब्लॉगवर पहिल्याच दिवशी ३०० रुपये मागितले असते तर मी सरळ पुढे गेले असते. मराठी आधीच अवघड, त्यात पैसे कोण देतो? मायबोलीसारखी साइट १९९६ पासून चालू आहे. तिथे मराठी मोकळेपणाने वाचायला मिळतं म्हणून माझ्यासारखे ‘व्हर्नाक्युलर’ म्हणून नाक मुरडणारे कितीतरी जण परत आपल्या भाषेकडे आले असतील. तो दरवाजा बंद करून चालणार नाही.

म्हणून माझं मत असं. लेखकाने पैसे जरूर मागावेत, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण पहिल्यांदा येणाऱ्याला आत येऊ द्यावं. जुने लेख उघडे ठेवावेत, नवे वर्गणीदारांना द्यावेत. आणि जो परत परत येतो त्याने आपणहून खिशात हात घालावा.

“दिवाळी अंकही एकाचा दहा जण वाचतातच की!” असं कोणी म्हणेल. खरंय. १९०९ च्या ‘मनोरंजन’पासून मराठी माणूस दिवाळी अंक वाचतो आहे, आणि घरात एक अंक सगळ्यांत फिरतोच. पण तो अंक कोणीतरी विकत घेतलेला असतो, आणि तो एका वेळी एकाच्याच हातात असतो. साठ जणांच्या ग्रुपवर पीडीएफ टाकणं म्हणजे घरातला अंक शेजारी देणं नव्हे, ते छापखाना टाकणं झालं!

स्टीफन किंगच्या वेळी एक डॉलर पाठवणं आजच्याइतकं सोपं नव्हतं. आपल्याकडे २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि आता टपरीवरच्या कटिंगचे पैसेही आपण फोनवरून देतो. तेव्हा ‘द्यायचे कसे?’ ही सबब उरलेली नाही. उरला आहे तो फक्त ‘द्यायचे का?’ हा प्रश्न.

मी माझ्यापुरतं उत्तर दिलं आहे. या महिन्यात दोनदा बाहेरचं जेवण रद्द करून माझी स्वतंत्र वर्गणी भरली, आणि ग्रुपवर सांगून टाकलं की यापुढे पीडीएफ मिळणार नाही. दोन जणी रुसल्या. एकीने मात्र गुपचूप वर्गणी भरली.

४१ चे आता ४३ झाले. ४४ वे तुम्ही होणार का?