नाकाची किंमत कोण ठरवणार?

करोनाची साथ ओसरली आणि राज्यकर्त्यांनी तिचे दप्तर बांधून ठेवले. 2021 च्या एप्रिलमध्ये खाटेसाठी व प्राणवायूसाठी वणवण करणारे नागपूर पूर्ववत झाले, असे मानणे सर्वांच्याच सोयीचे आहे. परंतु विषाणू गेला तरी ज्यांची घ्राणशक्ती परतली नाही, त्यांचे काय? 2022 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यानुसार बहुसंख्यांना काही महिन्यांत पुन्हा वास येऊ लागतो. मात्र ज्यांचा वास गेला, त्यांच्यापैकी सुमारे 5 ते 6 टक्क्यांत हा विकार दीर्घकाळ टिकण्याचा संभव असतो.

‘वास गेला, त्यात एवढे काय?’ हा प्रश्न सुखवस्तूंनाच सुचू शकतो. सावजी भोजनालयातील आचाऱ्याचे किंवा इतवारीत मसाला पारखणाऱ्या नोकराचे नाक हे त्याचे हत्यार आहे. एकाच खोलीत चूल आणि बिछाना असलेल्या कुटुंबाला गॅसगळतीचा इशारा मिळतो, तो गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेल्या दुर्गंधीमुळेच. ती दुर्गंधीच येत नसेल, तर त्या घराची राखण कोणी करायची? कायद्याला मात्र हे नुकसान दिसत नाही. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने बोटाच्या पेराचीही टक्केवारी ठरवली. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे 21 प्रकार मोजले. दोन्ही याद्यांत घ्राणशक्तीला स्थान मिळाले नाही.

यावर उपाय नाही, असेही नाही. जर्मनीतील ड्रेस्डेन येथील थॉमस हुमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 साली एक साधी पद्धत मांडली. गुलाब, लिंबू, लवंग व निलगिरी हे चार वास दिवसातून दोनदा, प्रत्येकी काही सेकंद, मन एकाग्र करून घ्यायचे आणि हा क्रम किमान बारा आठवडे चालवायचा. नाकातील गंधपेशी नव्याने निर्माण होऊ शकतात. त्या पुनर्बांधणीला या सरावाचे साहाय्य होते. सर्वांनाच गुण येतो असे नाही. परंतु अपाय जवळजवळ नाही आणि खर्च किरकोळ आहे.

नेमकी इथेच बाजाराची अडचण होते. लवंग-लिंबावर कोणाचे पेटंट नाही. म्हणून त्यांचा प्रचार करणाराही कोणी नाही. रुग्णाच्या हाती पडतात त्या जस्ताच्या व जीवनसत्त्वांच्या गोळ्या, ज्यांच्या उपयोगाचा पुरावा तोकडा आहे. क्वचित पोटात घ्यायची स्टिरॉइडेही. मधुमेह आणि स्टिरॉइडांचा बेसुमार वापर यांच्या जोडीने आलेला काळ्या बुरशीचा कहर 2021 मध्ये पाहिलेल्या विदर्भाला त्यातील धोका वेगळा सांगायला नको. नफा हाच उपचाराचा निकष ठरला की स्वस्त औषध अदृश्य होते आणि निरुपयोगी औषध दुकानाच्या दर्शनी फळीवर बसते.

‘सरकारी दवाखान्यांत आधीच गर्दी आहे’ हे उत्तर अपुरे आहे. या उपचाराला ना यंत्र लागते, ना खाट. मेडिकल व मेयोच्या कान-नाक-घसा विभागांनी रुग्ण तपासून दुसरे गंभीर कारण नाही याची खात्री करावी. पुढचा सराव महापालिकेच्या दवाखान्यांतून आणि आशा सेविकांमार्फत घराघरांत पोचवावा. आशा सेविकांना या कामाचा वेगळा मोबदला मिळालाच पाहिजे. कार्यकर्त्यांनी वस्त्यांतून अशा रुग्णांच्या याद्या कराव्यात आणि नुकसानभरपाईच्या अनुसूचीत घ्राणशक्तीचा समावेश करण्याची मागणी कामगार संघटनांनी हाती घ्यावी. श्रमिकाच्या प्रत्येक इंद्रियाची किंमत बाजाराने नव्हे, समाजाने ठरवायची असते.