मासा एका तासाला, मजूर दुसऱ्या तासाला

अमेरिकेच्या अध्यक्षांनी २४ जुलै २०२५ रोजी एका कायद्यावर सही केली आणि त्या देशातील सार्वजनिक नभोवाणी व दूरचित्रवाणी यांच्यासाठी पुढील दोन वर्षांकरिता मंजूर झालेले सुमारे ११० कोटी डॉलर काढून घेतले. दरडोई हिशेब केला तर ही रक्कम वर्षाला दीड डॉलरच्या आसपास भरते. १९६७ च्या कायद्याने उभे राहिलेले सार्वजनिक प्रसारणाचे महामंडळ त्यामुळे कोसळले आणि ऑगस्टमध्येच त्याने गाशा गुंडाळण्याची घोषणा केली. ही केंद्रे डाव्यांची बटीक झाली आहेत, असा सत्ताधाऱ्यांचा आरोप होता.

गंमत अशी की, आपल्यातीलही काही मित्रांना या बातमीचे सुतक नाही. ते म्हणतात, त्या प्रादेशिक केंद्रांवर असते तरी काय? एक तास शिकारीच्या आणि मासेमारीच्या गप्पा, आणि दुसरा तास कोणा स्थलांतरित लेखकाच्या आठवणी. पहिला रिकामटेकड्यांचा षोक, दुसरा उदारमतवाद्यांचे अश्रू. समाजवाद्याने यासाठी का कळवळावे?

हा युक्तिवाद मुंबईच्या खोलीत बसून शोभतो. पश्चिम अलास्कात कुस्कोक्विम नदीकाठी बेथेल नावाचे गाव आहे. बाहेरच्या जगाला जोडणारा रस्ता या गावाला नाही. तेथील केवाययूके हे केंद्र १९७१ पासून इंग्रजीबरोबर युपिक या आदिवासींच्या भाषेत बोलत आले. या नदीत सॅमन मासा किती उरला, जाळे कोणत्या दिवशी, किती तास टाकायची परवानगी आहे, हे तेथे नभोवाणीवर ऐकायचे असते. ज्या घराचा हिवाळा वाळवलेल्या मासळीवर आणि मूसच्या मांसावर निघतो, त्या घराला हा कार्यक्रम म्हणजे बाजारभाव, हवामान आणि सरकारी हुकूम असे तिन्ही आहे. डिलिंगहॅमचे केंद्र उन्हाळ्यात ब्रिस्टल उपसागरातील मासेमारीचे वार्तापत्र देते तेही याच जातीचे. षोक म्हणून गळ टाकणारा श्रीमंत मनुष्य वेगळा. त्याच्यासाठी चकचकीत मासिके आहेत, दुकाने आहेत.

केवाययूकेच्या उत्पन्नापैकी सुमारे सत्तर टक्के याच सरकारी निधीतून येत होते. मोठ्या शहरांतील केंद्रांना वर्गणीदार आहेत, देणगीदार आहेत; ती रडतखडत तगतील. कुऱ्हाड पडली ती जिथे बाजार पोहोचतच नाही तिथे. सिनेटमध्ये या कायद्याची चर्चा चालू असतानाच, १६ जुलैला, अलास्काच्या किनाऱ्याजवळ ७.३ तीव्रतेचा भूकंप झाला आणि लाटांचा इशारा तेथील छोट्या केंद्रांनी लोकांपर्यंत पोहोचवला. अलास्काच्या सिनेटर लिसा मर्कोव्स्की यांनी तो दाखला दिला व स्वपक्षाविरुद्ध मत दिले. कायदा ५१ विरुद्ध ४८ मतांनी संमत झाला. अलास्काचे दुसरे सिनेटर त्या ५१ मध्ये होते. पुढे ऑक्टोबरात हालोंग वादळाच्या अवशेषांनी याच प्रदेशातील किपनुक आणि क्विगिलिंगोक ही गावे उद्ध्वस्त केली, हजारावर माणसे घरांना मुकली.

आता आठवणींच्या तासाकडे वळू. कार्लोस बुलोसान हा फिलिपिनो तरुण १९३० मध्ये सिअॅटलला उतरला. १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ‘अमेरिका इज इन द हार्ट’ या आत्मकथनात उतरल्या उतरल्या पाच डॉलरसाठी अलास्कातील मासळी डबाबंदीच्या कारखान्यात विकले गेल्याची हकिगत आहे. ते विकणे कसले, हे ऊसतोडीचा मुकादम आणि त्याची उचल ठाऊक असलेल्या वाचकाला समजावून सांगायला नको. या कारखान्यांत आधी चिनी राबले. १८८२ च्या कायद्याने त्यांची वाट रोखली. मग मासा साफ करणारे यंत्र आले, आणि त्या यंत्राला मालकांनी चिन्यांना देण्यात येणाऱ्या शिवीवरूनच नाव दिले! त्यानंतर जपानी, त्यानंतर फिलिपिनो. १९३३ मध्ये सिअॅटलला या मजुरांनी युनियन बांधली. तिच्या दोन पुढाऱ्यांचा १९३६ च्या डिसेंबरात गोळ्या घालून खून झाला. तरीही मुकादमी मोडली गेली आणि भरती युनियनच्या हाती आली. गोऱ्यांची झोपायची बराक वेगळी, फिलिपिनोंची वेगळी, जेवणघरेही वेगळी, हा प्रकार मात्र पुढे अनेक दशके टिकला. त्याविरुद्धचा वॉर्ड्स कोव्ह खटला १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात कामगारांच्या विरोधात गेला. काँग्रेसने १९९१ मध्ये कायदा सुधारला, परंतु ज्यांनी खटला लढवला त्याच कामगारांना त्यातून वगळले.

म्हणजे मासा आणि मजूर ही एकच कथा आहे. आमची सार्वजनिक नभोवाणीबद्दलची खरी तक्रार येथे आहे. तिने ही कथा चिरून दोन कप्प्यांत ठेवली. मासा ‘निसर्ग’ झाला, मजूर ‘संस्कृती’ झाला. मासेमारीच्या तासात नदी, जाळे आणि ऋतू असतात, पण डबा कोणी भरला हे नसते. आठवणींच्या तासात आईची भाषा आणि हरवलेले गाव असते, पण मजुरी किती मिळाली हा प्रश्न असभ्य ठरतो. प्रायोजकाला अशी चिरफाड सोयीची असते. निधी गेल्यावर प्रायोजकाचे वजन वाढणार, आणि मग गळ-बंदुका विकणाऱ्याला बुलोसानचा मुकादम आपल्या तासात का चालावा? म्हणून निधी वाचवणे आणि तासांमधील भिंत पाडणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मागाव्या लागतात. एकीसाठी दुसरी तहकूब ठेवणारे दोन्ही घालवून बसतील.

आपल्याकडे याचे प्रतिबिंब नाही असे कोणी समजू नये. २०२३ च्या जूनमध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून बातमीपत्र छत्रपती संभाजीनगरहून देण्याचा घाट घातला गेला. ओरड झाली तेव्हा निर्णय स्थगित करावा लागला. ती ओरड योग्यच होती. पण रत्नागिरीला आकाशवाणीचे केंद्र आहे, आणि त्याच रत्नागिरीच्या मच्छीमार नौकांवर खलाशी म्हणून शेकडो नेपाळी तरुण राबतात. वादळाचा इशारा त्यांना कोणत्या भाषेत मिळतो? तांडेलाने सांगितला तर मिळतो. पावसाळी बंदी संपून १ ऑगस्टला नौका बाहेर पडतात. त्यापूर्वी, समुद्राचा इशारा मराठीबरोबर नेपाळीतही द्यावा आणि त्याच तासात खलाशांच्या मजुरीविषयी व उचलीविषयी त्यांच्याच तोंडून ऐकवावे, असे निवेदन रत्नागिरीच्या कार्यकर्त्यांनी केंद्राकडे न्यावे, आणि जाताना चार खलाशांना बरोबर घ्यावे.