माहेरचं नाव तिथंच उरलंय

१९६० साली महाराष्ट्र राज्य झालं आणि त्यानंतर तालुक्याच्या गावांतूनही कॉलेजं निघू लागली. कुठं हायस्कूलच्या दोन वर्गांत, कुठं भाड्याच्या वाड्यात. आज त्यातल्या अनेक कॉलेजांची पन्नाशी उलटलीय. सुवर्णमहोत्सव झाले, स्मरणिका निघाल्या. अशी एखादी स्मरणिका मुद्दाम उघडून बघा. संस्थापकांचे फोटो, मंत्र्यांचे शुभेच्छा संदेश, नव्या इमारतीचं रंगीत चित्र आणि अधूनमधून सराफांच्या जाहिराती. पण पहिल्या वर्षी त्या कॉलेजात ज्या चार-सहा मुली आल्या, त्यांची नावं कुठायत?

वह्या छातीशी धरून भर पेठेतून कॉलेजला जाणं हीच तेव्हा गावात चर्चेची गोष्ट होती. घरातल्या मोठ्यांची समजूत काढून, एस.टी.च्या वेळा सांभाळून त्या शिकल्या. त्यांच्या मागून आपण गेलो, आपल्या मागून आपल्या लेकी. मग कॉलेजचा इतिहास म्हणजे नुसती इमारतीची कोनशिला कशी काय?

त्या मुलींची नावं आहेत, पण ती ऑफिसातल्या कपाटात. जनरल रजिस्टर, हजेरीची मस्टरं, वार्षिक अंक, गॅदरिंगचे फोटो, वसतिगृहाच्या वह्या. आपल्याकडं लग्नात आडनाव तर बदलतंच, वर तांदळात नवं नाव लिहून कित्येकींचं पहिलं नावही बदलतं. मग रेशनकार्डावर नवं नाव, मतदारयादीत नवं नाव. वडिलांनी ठेवलेलं जुनं नाव उरतं ते शाळा-कॉलेजच्या रजिस्टरात. एखादी हुशार मुलगी मधेच का गेली, याचं उत्तरही कधी कधी ‘कॉलेज सोडण्याचं कारण’ या रकान्यात एका शब्दात असतं. ते पान वाळवीनं खाल्लं, की ती मुलगी त्या कॉलेजात कधी होती याचाच पुरावा संपला.

‘जुन्या कागदात काय एवढं?’ असं म्हणणाऱ्यांना मुक्ता साळवेची आठवण करून द्यावीशी वाटते. जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या पुण्यातल्या शाळेची ही मातंग समाजातली विद्यार्थिनी. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिनं लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. एका शाळकरी मुलीचा निबंध! पण आज दीडशेहून अधिक वर्षांनी तो अभ्यासला जातो, कारण ते अंक कुणीतरी जपले. तिच्या पुढच्या आयुष्याची फारशी नोंद मिळत नाही. तो अंक गेला असता, तर मुक्ताही गेली असती. आपल्या कॉलेजच्या जुन्या वार्षिक अंकात अशी एखादी मुक्ता नसेल कशावरून?

हिंगण्याचंच बघा. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं आणि १९२१ मध्ये पहिल्या पाच जणी पदवीधर झाल्या. किती छोटा आकडा! पण तो लिहून ठेवला म्हणून आज अभिमानानं सांगता येतो. हिंगण्यासाठी बायकांनी काय सोसलं, ते आनंदीबाई कर्व्यांच्या ‘माझे पुराण’मधून आणि पार्वतीबाई आठवल्यांच्या ‘माझी कहाणी’तून कळतं. बायकांचे फोटो, पत्रं, आठवणी जपण्यासाठी मुंबईत १९८८ साली ‘स्पॅरो’ ही संस्था उभी राहिली. पण प्रत्येक गावाचं कपाट मुंबईची संस्था कशी सांभाळणार? ते गावानंच बघायला हवं.

आणि गावात काय होतं? नवी इमारत झाली की जुनं कपाट व्हरांड्यात येतं. दोन पावसाळे खातं. मग सुट्टीत साफसफाई निघते आणि रद्दीवाल्याचा काटा येतो. कुणाचा वाईट हेतू असतो असं नाही. नॅकसाठी मागच्या पाच वर्षांचे कागद जमवताना सगळा स्टाफ मेटाकुटीला आलेला आपण पाहिलाय. त्याआधीच्या पन्नास वर्षांचे कागद मात्र कुणीच मागत नाही. म्हणूनच ते आता आपण मागायला हवेत.

यासाठी लाखांचा निधी लागत नाही. पाच-सहा माजी विद्यार्थिनींनी एकत्र येऊन प्राचार्यांना एक अर्ज द्यावा, की जुनी रजिस्टरं आणि अंक आम्हाला विचारल्याशिवाय रद्दीत घालू नका. गळक्या भिंतीपासून दूर, जमिनीपासून वीतभर उंच असं एक कपाट मागून घ्यावं. गंजलेल्या टाचण्या काढाव्यात. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच नको, नंतर ते निघत नाही आणि कागद खराब होतो. धुतलेल्या जुन्या सुती कापडात बांधून ठेवावं. फोटोच्या मागं पेन्सिलीनं हलक्या हातानं नावं लिहावीत, माहेरची आणि सासरची दोन्ही. हे काम आधी करा, कारण फोटोतल्यांना ओळखणाऱ्या बाई आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्याजवळ बसून, मोबाईलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर फोटो टाकला म्हणजे तो जपला, असं समजू नका. फोन बदलला की तो हरवतो.

एक पथ्य मात्र पाळायलाच हवं. रजिस्टरात जात असते, मार्क असतात, कुणाच्या नापास झाल्याची नोंद असते. ते चव्हाट्यावर मांडायचं नाही. जपणं वेगळं आणि उघडं पाडणं वेगळं.

आपण घरात आजीची पैठणी दरवर्षी ऊन दाखवून, घडी मोडून पुन्हा ठेवतो. कारण ती गेली तर तशी दुसरी मिळणार नाही, हे आपल्याला ठाऊक असतं. कॉलेजच्या पहिल्या रजिस्टरालाही दुसरी प्रत नाही. यंदा गॅदरिंगला बोलावणं आलं, तर व्यासपीठावर हार घेण्याआधी एवढंच विचारा, ‘सर, आमच्या वेळचं रजिस्टर आहे का हो?’ उत्तर नीट मिळेपर्यंत विचारत राहा.