बांगडा, तारली आणि उन्हाळी



लघवीला जळजळ सुरू झाली की आपल्या रत्नागिरीकडे पहिली बंदी येते ती मासळीवर. "बांगडा उष्ण, बंद कर," असे घरातली जाणती बाई सांगते. वास्तविक बांगडा व तारली यांच्या तेलात ओमेगा-३ ही मेदाम्ले असतात आणि त्यांपासून शरीर दाह शमवणारे पदार्थ बनवते. तारली तर गरिबाला परवडणारी. तेव्हा कालवण खुशाल खावे. उपोसथाला मासळी टाळणाऱ्यांनी जवसाची चटणी करावी, पण त्यातले मेदाम्ल शरीराला थोडेच उपयोगी पडते.

मात्र बांगडा म्हणजे औषध नव्हे! उन्हाळीमागे बहुधा ई. कोलाय हे जंतू असतात आणि मासळीने ते मरत नाहीत. आपल्या बायकांचे खरे दुखणे वेगळेच आहे. बाजारात टोपली घेऊन बसणारी किंवा बांधकामावर जाणारी बाई दिवसभर लघवी तुंबवते. जावे लागू नये म्हणून पाणीच पीत नाही. वारंवार हा त्रास होणाऱ्या व पाणी कमी पिणाऱ्या १४० स्त्रियांचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील ज्यांना रोज दीड लिटर पाणी जास्त दिले, त्यांचा त्रास जवळजवळ निम्म्यावर आला.

थंडीताप, कुशीत कळ, लघवीत रक्त किंवा गरोदरपण असेल तर त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. लाजू नका. अर्धवट गोळ्या घेऊन थांबूही नका. आणि महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत बाजारातल्या बायकांच्या मुतारीसाठी अर्ज तेवढा लिहून घ्या.